नोंदवहीतलं झाड

डिसेंबर 2019. आमच्या एजन्सीकडे लोक जैवविविधता नोंदवह्यांचं काम होतं, म्हणजे गावोगावची झाडं, प्राणी आणि त्यांच्याबद्दल लोकांना असलेली माहिती लिहून घ्यायची, आणि सगळ्यांच्या मानेवर एकच तारीख बसलेली: 31 जानेवारी 2020. त्यानंतर काम अपुरं राहिलेल्या राज्याला महिन्याला 10 लाख रुपये भरावे लागतील, असा हरित लवादाचा, म्हणजे पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या न्यायाधिकरणाचा, आदेश होता. जैवविविधता कायदा 2002 चा, नियम 2004 चे आणि इतक्या वर्षांचं राहिलेलं काम दोन महिन्यांत उरकायचं. कसं उरकलं तेही सांगते. घाटावरच्या एका गावाच्या नोंदवहीत मला कांदळवन सापडलं. कोकणातल्या कुठल्यातरी गावाची फाइल घेऊन नुसतं नाव बदललेलं.

मी तसं केलं नाही. झाडाचं नाव फोटो दाखवून विचारायचं नाही, झाडापाशी उभं राहून विचारायचं. पान चुरायचं, साल नखानं खरवडायची, वास घ्यायचा. एकाच नावाची दोन-तीन वेगळी झाडं एकाच खोऱ्यात निघतात, ती अशानंच वेगळी कळतात. आणि सांगणाऱ्याचं नाव 'ज्ञानधारक' या रकान्यात लिहायचं. तो रकाना मी कधी रिकामा सोडला नाही.

राधानगरी तालुक्यातला एक धनगरवाडा. नाव मुद्दाम लिहीत नाही. गाडीरस्ता संपल्यावर दीड तास चढ. तिथल्या एका आजीनं मला दिवसभर रानात फिरवलं. म्हशीच्या सुजलेल्या कासेला कुठला पाला लावायचा हे तिनं हातानं चोळून दाखवलं. परत येताना ती एका झाडापाशी थांबली. नरक्या. फुलांना घाण वास येतो म्हणून हे नाव. यातल्या कॅम्पटोथेसिन या द्रव्यापासून कर्करोगावरची औषधं होतात आणि त्यापायीच आपल्या पश्चिम पट्ट्यात त्याची चोरटी तोड झाली. मी सवयीनं फोटो काढला. आमचं ॲप फोटोसोबत जागेचे अक्षांश-रेखांश आपोआप टिपायचं.

"ही वही कुनाकडं ऱ्हानार?" आजीनं विचारलं.

"ग्रामपंचायतीत. जैवविविधता समितीकडं."

"मंजी खालच्या गावात."

समितीच्या यादीत वाड्यावरचं एकही नाव नव्हतं. मला ते माहीत होतं. मी गप्प राहिले.

"मागं असंच एकाला दावलं हुतं," ती म्हणाली. "म्होरल्या पावसाळ्याला नुसतं बुंधं. पोरी, आमी हितं हाय, हे आमाला ठावं हाय, एवढं लिव्ह. झाड कुटं हाय ते लिवू नगं."

मला वाटलं होतं, ती सगळंच लिहू नको म्हणेल. पण लिहिलेलं तिला हवंच होतं. वनहक्क कायद्यात तिच्यासारख्यांना, म्हणजे अनुसूचित जमातीच्या यादीत नसलेल्यांना, 13 डिसेंबर 2005 पूर्वीच्या तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षं, जंगलात वास्तव्य असल्याचा पुरावा द्यावा लागतो. नातू त्यासाठीच कागद गोळा करत होता. त्याच कायद्यात पारंपरिक ज्ञानावर समूहाचा हक्कही लिहिलेला आहे.

मी हो म्हणाले. संध्याकाळी एसटीत बसून नोंद खोडू म्हटलं, तर रेंज आल्याबरोबर ॲपनं सगळं वर पाठवलेलं. नोंदीपुढं हिरवी खूण. वरिष्ठांना फोन केला. ते म्हणाले, "लोकेशन काढलं तर नोंद बाद होते. तारीख बघा ना मॅडम." वाईट माणूस नव्हता. पण आजीला दिलेला शब्द त्याच्या कामात कुठेच बसत नव्हता.

छापील नोंदवही पुढं ग्रामपंचायतीच्या लोखंडी कपाटात बघितली. नरक्याच्या नोंदीत अक्षांश-रेखांश जसेच्या तसे. ज्ञानधारकाच्या रकान्यात आजीचं नाव काढून 'ग्रामस्थ'. तिनं लिही म्हटलेलं गेलं, लिहू नको म्हटलेलं राहिलं.

आपल्या कोल्हापुरात हे सुचायला नको होतं का कुणाला? गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या माणसांना रोज हजेरी द्यावी लागायची, ती शाहू महाराजांनी 1918 मध्ये बंद केली. कुणाची नोंद कुणाच्या हातात, यानं माणसाचं आयुष्य कसं बांधलं जातं ते इथं शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं. 2023 चा डेटा संरक्षण कायदा मी दोनदा वाचला. तो एकेकट्या व्यक्तीचा विचार करतो, अख्ख्या वाड्याचं मिळून जे असतं त्याचा नाही. अमेरिकेतल्या हवासुपाई या आदिवासी जमातीच्या लोकांनी मधुमेहाच्या अभ्यासासाठी रक्त दिलं होतं, ते न विचारता दुसऱ्या संशोधनाला वापरलं गेलं. 2010 मध्ये ते रक्त घेणाऱ्या विद्यापीठानं 7 लाख डॉलर दिले आणि उरलेले नमुने परत केले. रक्त परत करता आलं. झाडाचा ठिकाणा कसा परत करायचा? आणि फोटो काढण्याआधी मी का विचारलं नाही?

नंतर त्या पानाची झेरॉक्स घेऊन वाड्यावर गेले. आजी थकली होती, बाहेर घोंगड्यावर पडून होती. नातवानं पान मोठ्यानं वाचून दाखवलं. ती डोळे मिटून ऐकत होती.

"ग्रामस्थ मंजी कोन रं?" तिनं त्याला विचारलं.

त्यानं माझ्याकडं बघितलं.