ठाण्यातल्या पडद्यावर ‘छावा’, ‘साबर बोंडं’ आणि ‘दशावतार’

फेब्रुवारी 2025 मध्ये ‘छावा’ प्रदर्शित झाला तेव्हा ठाण्यात सोयीच्या वेळेचे तिकीट मिळणे अवघड होते. विकी कौशलने संभाजी महाराजांच्या भूमिकेत जीव ओतला आहे, यात शंका नाही. परंतु दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर यांना प्रत्येक प्रसंग शिगेला नेण्याची इतकी घाई आहे की युद्ध आणि संवाद एकाच पट्टीत ऐकू येतात, आणि मग अक्षय खन्ना यांचा हळू बोलणारा औरंगजेबच अधिक लक्षात राहतो.

याउलट रोहन कानवडे यांचा ‘साबर बोंडं’. अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात जागतिक कथाचित्रपट विभागातला परीक्षकांचा सर्वोच्च पुरस्कार मिळवलेला हा मराठी चित्रपट वडिलांच्या निधनानंतर दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी गेलेल्या आनंदची आणि त्याचा बालमित्र बाळ्या याची प्रेमकथा सांगतो. नातेवाईक लग्नाचा विषय काढत राहतात, सुतकाचे नियम सांगतात, आणि या सगळ्या गोतावळ्यात आनंदच्या मनातले आधीपासून ठाऊक असलेली आई किती मोजके बोलते, हे मला चित्रपटाचे सर्वांत मोठे बळ वाटले. पार्श्वसंगीत नाही, त्यामुळे कुठे हळवे व्हायचे हे प्रेक्षकाला कोणी सांगत नाही. (शेजारच्या गृहस्थांना मात्र हीच गोष्ट खटकली.)

‘साबर बोंडं’प्रमाणेच सप्टेंबर 2025 मध्ये आलेला ‘दशावतार’ या दोहोंच्या मधला. कोकणातला कलावंत बाबुली साकारणारे, ऐंशी ओलांडलेले दिलीप प्रभावळकर थक्क करतात. उत्तरार्धातला सूडाचा भाग मात्र मला सरधोपट वाटला.