पूल, पाखरं आणि तंगूस : आमची वाटचाल

माझ्या आजीला शेवटपर्यंत वाटत होतं की नातू सरकारी बांधकाम खात्यात आहे. 'पूल सांभाळायचं काम मिळालं' असं मी सांगितलं, तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर मांडवीवरचा पूल आला आणि तिने देवापुढे साखर ठेवली. मीही खुलासा करायची घाई केली नाही.

गोव्यात कांदोळीच्या एका हॉटेलात सहा वर्षं पंपरूममध्ये काढली आणि 2012 मध्ये म्हापशात स्विमिंग पूल सांभाळायचं स्वतःचं काम सुरू केलं. भांडवल म्हणजे जुनी स्कूटर, जाळी, ब्रश, सक्शनचा पाइप आणि पाणी तपासायचा किट. आसगाव, शिवोली, हळदोणे या पट्ट्यातले बंगले धरले. क्लोरीन, पीएच, बॅकवॉश (पाणी उलटं सोडून फिल्टर धुणं), शेवाळ, पुन्हा क्लोरीन. एकाने तीन महिन्यांचे पैसे बुडवले. त्या काळाबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही.

पाखरांचं काम आम्हाला लॉकडाऊनने दिलं. मार्च 2020 मध्ये मालक मुंबई-दिल्लीत अडकले, पंप बंद पडले. पावसाच्या तोंडावर हळदोण्याच्या एका बंगल्याचं फाटक उघडलं, तर पाणी पालकाच्या भाजीसारखं हिरवं आणि त्यावर अकरा बदकं. तपकिरी, लांब मानेची, आम्हाला बघून शीळ घालत उडाली. ही अडई. करमळीच्या तळ्यावर ती पुष्कळ दिसते. पावसात शेतं भरली की ती सगळीकडे पांगते, रात्री शेतात चरते आणि दिवसा विसावायला निवांत पाणी शोधते. कुत्रं पोचत नाही, माणूस फिरकत नाही, असं पाणी बंगल्यात आयतंच मिळतं.

मालकाने फोनवर सांगितलं, 'काहीही करा, पण हाकला.' मग आम्ही काहीही केलं. प्लास्टिकची मगर आणून सोडली. दोन दिवस बदकं लांब राहिली, तिसऱ्या दिवशी एक मगरीच्या पाठीवर बसून पंख साफ करत होतं. ताडपत्री घातली, तर तिच्यावरच पावसाचं पाणी साचलं आणि बदकांना दुसरा, उथळ पूल मिळाला.

शेवटी उपाय सापडला तो शापोऱ्याच्या जेटीवर, गळ विकणाऱ्याच्या दुकानात. तंगूस, म्हणजे गळाला लावतात ती नायलॉनची बारीक दोरी! पुलाच्या दोन्ही काठांवर स्टीलचे हूक मारायचे आणि दोन-दोन फुटांवर, पाण्यापासून वीतभर वर, तंगूस ताणून बांधायची. बदक उतरताना घसरत येतं, त्याला मोकळी धावपट्टी लागते. ती मिळाली नाही की ते दुसरीकडे जातं. पाहुणे आले की एका बाजूचे हूक सोडून पाच मिनिटांत सगळं गुंडाळता येतं.

यात आमचीही एक चूक झाली. पहिल्या वर्षी एके ठिकाणी तंगूस सैल राहिली आणि एक ढोकरी पायाने अडकली. कात्रीने सोडवताना तिने माझ्या मनगटावर चोच मारली, ती खूण अजून आहे. तेव्हापासून तंगूस तारेसारखी ताठ बांधतो, तिला चकचकीत पट्ट्या लावतो आणि दर आठवड्याला ताण बघतो. संध्याकाळी वटवाघळंही पाणी प्यायला पुलावर झेप घेतात, त्यांनाही पट्ट्या नसलेली तंगूस घातक.

काही जण पाण्यात साबण टाकायला सांगतात. ते आम्ही करत नाही. साबणाने पिसांवरचं तेल जातं, बदक भिजतं आणि बुडूही शकतं. शिवाय ही रानबदकं आहेत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्यांना मारणं किंवा त्यांची अंडी उचलणं गुन्हा आहे. घरटं दिसलं तर आम्ही हात लावत नाही.

बदकांपेक्षा त्रास कावळ्यांचा, हे ग्राहकांना पटत नाही. पर्र्याला एका पुलात रोज सकाळी बांगड्याची डोकी सापडायची. केअरटेकर काका म्हणाले, 'शेजारचा पोर टाकत असणार.' मी सातला जाऊन बसलो. कावळा आला, काठावर उभा राहून पावाचा वाळका तुकडा पाण्यात बुडवला, मऊ झाल्यावर खाल्ला आणि मग मासळीचं डोकं आणायला गेला. त्यावर तंगूस नाही, शेजारणीच्या कचऱ्याच्या डब्याला झाकण हाच उपाय. ते आम्हीच घेऊन दिलं.

घाण पडलीच तर घाबरू नका. आधी जाळीने काढा, पोहणाऱ्यांना बाहेर ठेवा, क्लोरीन किमान 2 पीपीएम आणि पीएच 7.5 किंवा त्याहून खाली ठेवून अर्धा तास थांबा. पाणी बदलायची गरज नसते. मात्र विष्ठेतल्या फॉस्फरसवर शेवाळ पोसतं, म्हणून नुसतं क्लोरीन ओतून भागत नाही, फिल्टरचा बॅकवॉशही हवा. वर तरंगणारा कचरा ओढून घेणाऱ्या स्किमरच्या टोपलीत ओल्या पिसांचा गोळा बसला की पंप रिकामा घरघरतो, तो आवाज आता आमच्या पोरांना फाटकातूनच ओळखू येतो.

आज आम्ही पाच जण आहोत. मयड्याच्या एका बाईंनी गेल्या पावसात तंगूस लावू दिली नाही. अडईची पिल्लं पुलात उतरली होती आणि काठ उंच म्हणून चढता येईना, नुसती टाइल्सला धडका देत होती. आम्ही फळीला गोणपाट गुंडाळून तिरकी टेकवली. तासाभराने आईच्या मागून आठही वर आली. तेव्हापासून पावसाळ्यात गाडीत एक फळी असतेच.

नवीन ग्राहकांना एकच विनंती : फोन करण्याआधी पुलाचा नव्हे, काठावरच्या विष्ठेचा फोटो पाठवा. पांढरे, पातळ, मासळीचा वास असलेले शिंतोडे असतील तर बगळा-ढोकरी समजायचं, हिरवट गोळे असतील तर बदक. पाण्यात मासळीची डोकी पडत असतील तर तेही कळवा, तो कावळा. त्यावरून तंगूस घेऊन यायचं की डब्याचं झाकण, ते ठरतं.