पिशवीतली बिनलेबलाची बाटली

श्रावणातला सोमवार, फोंड्याचं माझं क्लिनिक गच्च भरलेलं. ती आत आली आणि टेबलावर कापडी पिशवी उपडी केली. डिओ, नेलपॉलिश, केस सरळ करायचं क्रीम, पावडर, प्लास्टिकचा टिफिन. "डॉक्टर, ह्यातलं कशानं झालं?"

वय 32, पाळी 6 महिने बंद. एफएसएच, म्हणजे अंडाशयांना कामाला लावणारं हार्मोन, 68 आला होता. महिन्याने पुन्हा केला तर 71. ह्या वयात, पाळी बंद असताना तो 25 च्या वर म्हणजे अंडाशय वेळेआधीच थकले. मागच्या खेपेला हे सांगून झालं होतं. त्यानंतर रात्र रात्र मोबाइलवर तिने काय वाचलं असेल, ते आता टेबलावर पडलं होतं.

मी एकेक वस्तू हातात घेतली. डिओवर घटक म्हणून 'परफ्यूम' एवढाच शब्द, त्याच्या पोटात थॅलेट नावाची रसायनं असू शकतात. (केसांत म्हार्दोळची जाई माळणारीला डिओ कशाला, असं मनात आलं, बोलले नाही.) थॅलेट, प्लास्टिकच्या डब्यांतलं बिस्फेनॉल ही रसायनं शरीरातून दिवस-दोन दिवसांत निघून जातात, पण रोज नव्याने आत येतात. जनावरांवरच्या प्रयोगांत अंडाशयांवर त्यांचा परिणाम दिसतो. तरी एका बाईला 'तुला ह्या डिओनेच झालं' असं कुठल्या तोंडाने सांगणार? पुरावा भक्कम आहे तो तंबाखूचा: सिगारेट ओढणाऱ्या बायकांची पाळी साधारण वर्ष-दोन वर्षं आधी जाते. तिच्या घरात कुणी ओढत नव्हतं.

तळाशी एक छोटी बाटली निघाली, लेबल नसलेली.

"ही कामावरची. पार्ट पुसायची."

मी केस पेपर पाहिला. माझ्याच अक्षरात 'व्यवसाय: नोकरी'. बस. कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत ती 6 वर्षं इलेक्ट्रॉनिक पार्ट पुसत होती आणि मी विचारलंच नव्हतं.

मला 1995 चं दक्षिण कोरिया आठवलं. तिथल्या इलेक्ट्रॉनिक कारखान्यात ओझोनला घातक द्रावणाच्या जागी 2-ब्रोमोप्रोपेन वापरलं, आणि 25 बायकांपैकी 16 जणींची अंडाशयं निकामी झाली. बाटली उघडून हुंगायचा मोह मी आवरला.

"तुझ्यासोबत किती जणी?"

"अकरा. दोघींना ह्याच वर्षी बाळं झाली."

तिथेच माझा संशय निम्मा झाला. तरी कंपनीला चिठ्ठी लिहून सेफ्टी डेटा शीट, म्हणजे बाटलीत काय आहे ते सांगणारा कागद, मागवली. नऊ दिवसांनी आली: आयसोप्रोपिल अल्कोहोल. सॅनिटायझरमध्ये असतं तेच. जनुकीय तपासण्याही नॉर्मल. बहुतेक जणींत कारण सापडत नाही, तिच्यातही सापडलं नाही. हाडं आणि हृदय सांभाळायला हार्मोन सुरू केले.

"मग ह्या पिशवीचं काय करू?"

"टिफिनात गरम आमटी घालू नको. बाकी ने घरी."

त्या आठवड्यात नवे केस पेपर छापून घेतले. 'काम कोणतं? हाताला काय लागतं?' अशी एक ओळ वाढवली. पहिल्याच दिवशी एकीने लिहवून घेतलं: काजू फोडते, सालीचं तेल लागतं, हात काळे पडतात.