साक्षीचं प्रकरण

ऐतिहासिक कादंबऱ्यांची हस्तलिखितं छपाईआधी तपासून देणं हे माझं काम. हाती मेलबर्नच्या एका लेखिकेची कादंबरी होती. काळ 1843, मुलूख ऑस्ट्रेलियातल्या लॉडन नदीकाठचा, जा जा वुरंग या आदिवासी लोकांचा. त्या लोकांतली एक बाई आणि ती रानात जगवते ती गोऱ्या मेंढपाळाची सहा वर्षांची मुलगी. बाईच्या भावाला एका गोऱ्या वसाहतवाल्याने गोळी घातली, ती या दोघींनीच पाहिली. त्या दिवशी कोर्टाचं प्रकरण घेतलं होतं.

प्रत्येक प्रकरणाचा मी तक्ता करते: तारीख, ऋतू, कोण काय खातं, अंगावर काय आहे, कोण कोणत्या भाषेत बोलतं, आणि त्या वर्षी कायदा काय होता. हा शेवटचा रकाना लेखक सहसा सोडून देतात.

तो भरला आणि कादंबरीचा शेवटच कोसळला. बाई पिंजऱ्यात उभी राहून घडलेलं सांगते, असं लिहिलं होतं. 1843 मध्ये ते शक्यच नव्हतं. खोट्याची शिक्षा देणारा देव न मानणाऱ्याला शपथ देता येत नसे, आणि शपथ नाही तर साक्ष नाही. पोर्ट फिलिप, म्हणजे मेलबर्नभोवतीचा हा मुलूख, तेव्हा न्यू साउथ वेल्स या वसाहतीतच होता. त्या वसाहतीने 1839 मध्ये हा अडसर काढायला केलेला कायदा लंडनने नामंजूर केला. 1843 मध्ये ब्रिटिश संसदेने वसाहतींना असा कायदा करायची मुभा दिली, तर 1844 मध्ये सिडनीच्या विधिमंडळाने विधेयक फेटाळलं. ती दुरुस्ती न्यू साउथ वेल्समध्ये 1876 ला झाली. मायल क्रीकला 1838 मध्ये गोऱ्यांनी आदिवासींचं हत्याकांड केलं, त्यात सात जण फासावर गेले, ते जॉर्ज अँडरसन या गोऱ्या कैदी-मजुराने साक्ष दिली म्हणून. डेव्ही नावाचा आदिवासी तरुणही साक्षीदार होता. त्याला शपथच देता आली नाही.

मग मुलीचं काय? शपथेचा अर्थ कळत असेल तर सात वर्षांखालचं मूलही साक्ष देऊ शकतं, हे इंग्लिश न्यायाधीशांनी 1779 मध्येच ठरवलं होतं. म्हणजे त्या पोरीला पिंजऱ्यात उभं करता येतं; तिला रानात जगवणाऱ्या बाईला नाही. हे तक्त्यात उतरवताना मला कमालीचा संताप आला. ही चूक डागडुजी करून झाकायची नाही, हाच कादंबरीचा कणा व्हायला हवा, असं मी लेखिकेला लिहिलं. न्यायाधीश मुलीला विचारेल की खोटं बोललीस तर मेल्यावर काय होतं, आणि बाई खोलीत बसून ते ऐकेल.

तोच धागा मागे पहिल्या प्रकरणापर्यंत गेला. बाई मेंढपाळाच्या झोपडीशी येते ती निव्वळ मायेपोटी, असं तिथे होतं. माझ्या रकान्यात मात्र मर्नाँग होतं, पिवळ्या फुलांचा कंद, बायका काठीने खणून काढत ते रोजचं अन्न. मेंढ्या नाकाने माती उकरून तो खातात. कळप आले की काही वर्षांत माळ रिकामा होतो. 1843 मध्ये ती भुकेली आहे, आणि ज्या झोपडीने माळ संपवला तिथल्या पिठाकडे ती आली आहे. म्हणजे माया नंतर जडते, आणि जडली की तिला किंमत येते.

ती सहा वर्षांची मुलगी मसुद्यात कूलामनमधून नेली जाते. हे उथळ लाकडी पात्र, तान्हं बाळ किंवा कंद नेण्यापुरतं. तिथे पॉसम या झाडावर राहणाऱ्या केसाळ प्राण्याच्या कातड्यांचा झगा हवा: चौकोनी तुकडे, कांगारूच्या शेपटीच्या स्नायुतंतूंनी शिवलेले, थंडीत केस आतल्या बाजूला, मूल पाठीवर. 1853 चा इचुकाचा आणि 1872 चा लेक काँडाचा असे दोन मूळ झगे मेलबर्नच्या संग्रहालयात आहेत. ते पाहून वर्णन लिहावं, असं सुचवलं. सरकारने वाटलेलं ब्लँकेट या प्रसंगी चालणार नाही, कारण पावसात ते भिजून जड होतं आणि त्यात पोर गारठेल.

शेकोटीभोवतीचे संवाद मी तपासलेच नाहीत. ते आधी जा जा वुरंग वाचकांकडे, मानधन देऊन जायला हवेत, आणि त्यांनी काढा म्हटलेलं काढायचं, हे कळवून हस्तलिखित परत पाठवलं.