सन्मान कशाचा व्हावा? एका वार्षिक अहवालाच्या निमित्ताने

मी ज्या विभागातून जैववैद्यकीय अभियांत्रिकीची पदवी घेतली, त्या विभागाचा वार्षिक अहवाल माजी विद्यार्थ्यांकडे न चुकता येतो आणि मी तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतो. यंदाचा अहवाल भरगच्च आहे. आंतरराष्ट्रीय नियतकालिकांतले शोधनिबंध आहेत, पेटंटचे अर्ज आहेत, परिषदांमधली पारितोषिके आहेत, सरकारी अनुदानावरचे प्रकल्प आहेत आणि जगातील आघाडीच्या दोन टक्के शास्त्रज्ञांच्या यादीत झळकलेली प्राध्यापकांची नावेही आहेत. ज्यांनी आपल्याला हृदयाचा विद्युत आलेख वाचायला शिकवला, त्यांचे नाव अशा पानावर दिसले की ऊर भरून येतो. तरीही गेली कित्येक वर्षे रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका रुग्णालयाची यंत्रसामग्री सांभाळत असल्यामुळे अहवाल मिटताना एक प्रश्न माझ्या मनात उरतोच. यातले कोणते उपकरण कोणत्या रुग्णालयात गेले, तिथे किती काळ चालले आणि बंद पडले असेल तर कशामुळे, याचा उल्लेख त्यात कुठेच सापडत नाही.

दोन टक्क्यांच्या यादीचेच पाहा. ही यादी स्टॅनफर्ड विद्यापीठातील जॉन आयोनिडिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधनिबंधांच्या स्कोपस या माहितीसंचाच्या आधारे तयार करायला सुरुवात केली. तिच्यात दोन वेगळे तक्ते असतात, एक संपूर्ण कारकिर्दीचा आणि दुसरा केवळ एका वर्षातील उद्धरणांचा. महाविद्यालयाच्या फाटकावरच्या फलकावर मात्र कोणता तक्ता ते बहुधा लिहिलेले नसते. उद्धरणे मोजण्यात गैर काही नाही. आपल्या निबंधाचा आधार दुसऱ्या संशोधकाला घ्यावासा वाटला, ही मोठीच पावती आहे. पण उद्धरण म्हणजे एका संशोधकाने दुसऱ्याला दिलेली दाद. रुग्ण, परिचारिका आणि यंत्र दुरुस्त करणारा माणूस यांची दाद तिच्यात मोजली जात नाही, आणि आमच्या शास्त्राचा सगळा खटाटोप तर त्यांच्यासाठीच असतो.

पेटंटच्या बाबतीत तर अहवाल फारच जपून वाचावा लागतो. भारतात पेटंटचा अर्ज केला की साधारण अठरा महिन्यांनी तो पेटंट कार्यालयाच्या नियतकालिकात आपोआप प्रसिद्ध होतो आणि वेगळा अर्ज केला तर त्याआधीही होतो. या प्रसिद्धीचा अर्थ एवढाच की अर्ज आता सर्वांना वाचता येईल. कल्पना नवी आहे का, आधी कोणी केलेली आहे का, याची तपासणी त्यानंतर होते आणि त्या तपासणीतून उतरल्यावरच पेटंट मिळते. ‘पेटंट प्रसिद्ध’ आणि ‘पेटंट मंजूर’ हे दोन प्रकार एकाच रकान्यात मांडले की वाचणाऱ्याची दिशाभूल होते, मग ती हेतुपुरस्सर असो वा नसो. यामागची ओढाताणही मी समजू शकतो. अभियांत्रिकी संस्थांच्या राष्ट्रीय क्रमवारीत संशोधन आणि व्यावसायिक कार्याला तीस टक्के भार आहे, आणि विभागप्रमुखांना दरवर्षी आकडे भरून द्यावेच लागतात. जे मोजले जाते तेच पिकते, आणि कोणत्याही विभागावर ठपका ठेवण्याआधी हे लक्षात घ्यायला हवे.

आमच्या रुग्णालयात रोज हजार वेळा हाताळल्या जाणाऱ्या एका उपकरणाची गोष्ट या संदर्भात मला फार महत्त्वाची वाटते. बोटाला लावायचा पल्स ऑक्सिमीटर करोनाच्या काळात घराघरांत पोहोचला. त्याचे तत्त्व शोधणारे ताकुओ आओयागी हे जपानमधील निहोन कोडेन या कंपनीत अभियंता होते. हृदयातून किती रक्त बाहेर पडते हे रंगद्रव्याच्या साहाय्याने मोजण्याचा त्यांचा प्रयत्न चालला होता आणि नाडीच्या ठोक्यांमुळे त्या मोजमापात सारखा अडथळा येत होता. या अडथळ्याचाच उपयोग करून रक्तातील प्राणवायू मोजता येईल, हे त्यांच्या ध्यानात आले. तांबडा आणि अवरक्त असे दोन प्रकाश शरीराच्या बोटासारख्या पातळ भागातून आरपार सोडायचे, ठोक्यागणिक बदलणारा भाग तेवढा वेगळा काढायचा आणि त्या दोहोंच्या गुणोत्तरावरून प्राणवायूचे प्रमाण ठरवायचे, ही ती कल्पना. १९७४ साली त्यांनी ती जपानमधल्या एका परिषदेत मांडली. त्या वेळी तिचा फारसा गाजावाजा झाला नाही आणि पुढचा विकास बराचसा अमेरिकेत झाला. वैद्यकीय तंत्रज्ञानासाठीचे आयईईई या संस्थेचे पदक त्यांना २०१५ साली मिळाले. मधल्या चाळीस वर्षांत त्यांची कल्पना जगातल्या शस्त्रक्रियागृहांमध्ये रोज वापरली जाऊ लागली होती.

आता हेच उपकरण आमच्या अपघात विभागात कसे वागते ते सांगतो. मिरकरवाडा बंदरावरून खलाशी येतात, बर्फात मासळी निवडणाऱ्या बाया येतात. त्यांचे हात ओले आणि गारठलेले असतात, जाळी ओढून ओढून बोटांची कातडी राठ झालेली असते, लग्नसराईत त्यांवर मेंदीही असते. ऑक्सिमीटरचा प्रोब, म्हणजे बोटाला लावायचा चिमटा, लावला की पडद्यावर आकड्याऐवजी दोन आडव्या रेघा येतात, किंवा आकडा एकदम खाली घसरतो आणि गजर वाजू लागतो. सिस्टर आधी म्हणतात, “दादा, हात पुसा बघू,” मग बोटे चोळतात, बोट बदलतात, प्रोब कानाच्या पाळीला लावून पाहतात आणि शेवटी मला हाक मारतात, “सर, मशीन बिघडलंय का बघता?” बहुतेक वेळा मशीन बिघडलेले नसते. गारठ्याने बोटातल्या रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात आणि ठोका इतका क्षीण झालेला असतो की तो यंत्राच्या हाती लागत नाही.

विंचूदंशाच्या रुग्णात ही अडचण जिवावर बेतू शकते. कोकणातल्या लाल विंचवाच्या विषाने शरीरातील चेतासंस्था खवळते, घाम सुटतो, हातपाय बर्फासारखे गार पडतात आणि फुप्फुसात पाणी साठू लागते. प्राणवायूचे प्रमाण कळणे ज्या घटकेला सर्वांत निकडीचे असते, नेमक्या त्याच घटकेला बोटावरचा प्रोब मुका होतो. या दंशावरचा उपचार जगाला दिला तो महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी. रुग्णाच्या उशाशी बसून त्यांनी लक्षणे टिपली, आणि त्यांची निरीक्षणे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १९८२ साली आली. रक्तदाबावरचे प्राझोसिन हे स्वस्त औषध यात उपयोगी पडते, हे त्यांनी १९८६ साली त्याच नियतकालिकात मांडले. गंभीर विंचूदंशातील मृत्यूचे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास होते, ते या उपचाराने एक टक्क्याच्या घरात आले. विंचवाच्या विषावरचे प्रतिविष आणि प्राझोसिन एकत्र दिल्यास रुग्ण लवकर सावरतो, हे दाखवणारी त्यांची चाचणी २०११ मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. पद्मश्री मिळाली २०२२ मध्ये. बावस्कर डॉक्टर आहेत, अभियंते नव्हेत. पण आमच्या विद्यार्थ्यांनी शोधाचा विषय कुठे शोधावा, याचे याहून जवळचे उदाहरण मला माहीत नाही. गारठलेल्या, राबलेल्या, सावळ्या बोटावर विश्वासाने चालणारा प्रोब हा विषय महाडपासून मालवणपर्यंतच्या कोणत्याही अपघात विभागात पडून आहे. अमेरिकेतील रुग्णांवर झालेल्या आणि २०२० च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, यंत्र ठीक आकडा दाखवत असताना रक्तातला प्राणवायू प्रत्यक्षात कमी असण्याचा प्रकार कृष्णवर्णीय रुग्णांत सुमारे तिप्पट आढळला. आपल्याकडच्या त्वचेवर या आकड्यांचे काय होते, हे तपासण्याची जबाबदारी आपल्याच विभागांची आहे.

दुसरा विषय हवेचा. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि उरलेल्या महिन्यांतही वाऱ्यात खार असतेच. गणपतीच्या सुमारास एखादा मॉनिटर उघडला की कनेक्टरच्या पिनांवर हिरवट पूड बसलेली दिसते, पीसीबीवरच्या, म्हणजे आतल्या सर्किटच्या पट्टीवरच्या, तांब्याच्या रेषा काळवंडलेल्या असतात, आणि दोन रेषांच्या मधे बुरशीचा पातळ पापुद्रा धरलेला असतो. त्यातून सूक्ष्म प्रवाह गळतो आणि यंत्र कधी बरोबर, कधी चूक आकडे देऊ लागते. पूर्ण बंद पडलेल्या यंत्रापेक्षा असे यंत्र अधिक घातक, कारण त्याच्यावर कोणाचा संशय जात नाही. खाऱ्या तुषारांत उपकरण किती टिकते हे तपासण्याच्या आंतरराष्ट्रीय प्रमाण चाचण्या आहेत. पीसीबीवर संरक्षक लेप देणे, सोन्याचा मुलामा असलेल्या पिना वापरणे, पंख्याने बाहेरची हवा आत खेचण्याऐवजी पेटी बंदिस्त ठेवून उष्णता धातूच्या पाठीवाटे बाहेर काढणे, हे उपायही माहीत असलेलेच आहेत. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत मात्र यांचा विचार क्वचितच दिसतो, कारण त्यांचा नमुना वातानुकूलित प्रयोगशाळेत तयार होतो आणि पावसाळा पाहण्याआधीच त्याला पारितोषिक मिळून जाते.

विद्यापीठाच्या विभागातून निघालेले काम शेवटच्या टप्प्यापर्यंत पोहोचू शकते, याचा पुरावा आपल्या जवळच आहे. आयआयटी मुंबईच्या जैवविज्ञान आणि जैवअभियांत्रिकी विभागात प्रा. राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेने रक्ताच्या कर्करोगावरची कार-टी पेशी उपचारपद्धती, म्हणजे रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशींत बदल करून त्या कर्करोगावर सोडण्याची पद्धत, विकसित केली. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांना बरोबर घेऊन २०२१ मध्ये ती पहिल्यांदा रुग्णाला देण्यात आली, ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला केंद्रीय औषध नियामकाची मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते तिचे लोकार्पण झाले. परदेशात या उपचाराला काही कोटी रुपये लागतात, इथे तो काही दशलक्षांत आला. ही रक्कमही कोकणातल्या शेतकऱ्याला परवडणारी नाही, हे खरे. पण खेड किंवा लांज्याहून रेल्वेने परळला जाणाऱ्या कुटुंबाला निदान उपचार देशात आहे एवढे तरी सांगता येते. या कामाचे शोधनिबंध झाले, पेटंटे झाली, सन्मानही झाले, आणि त्या प्रत्येकाच्या मागे उपचार घेतलेले रुग्ण उभे आहेत.

त्याहून जुने उदाहरण तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेतील कृत्रिम हृदयझडपेचे. डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली बनवलेली ही झडप डिसेंबर १९९० मध्ये पहिल्यांदा रुग्णाच्या हृदयात बसवण्यात आली. यशस्वी ठरला तो चौथा नमुना. आधीचे नमुने चाचण्यांत का अपयशी ठरले, कोणता धातू झिजला, कोणती तबकडी फुटली, हे त्या चमूने लपवले नाही, आणि त्या नोंदींमधूनच टिकाऊ पॉलिइथिलिनच्या तबकडीपर्यंत ते पोहोचले. वलियाथन यांना २००५ मध्ये पद्मविभूषण मिळाले. ती झडप पुढे एक लाखाहून अधिक रुग्णांपर्यंत पोहोचली. आजच्या एखाद्या विभागाने आपल्या अहवालात ‘यंदा अपयशी ठरलेले नमुने आणि त्यांची कारणे’ असे एक पान छापले, तर मी ते सर्वांत आधी वाचेन आणि माझ्याकडच्या प्रत्येक तंत्रज्ञाला वाचायला देईन.

नियमांचा रस्ता लांब आहे, हे मी मान्य करतो. २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांनी जोखमीनुसार उपकरणांचे चार वर्ग केले आहेत, आणि रुग्णावर काही वापरून पाहायचे तर नीतिमत्ता समितीची मान्यता लागतेच, लागायलाही हवी. चार वर्षांच्या पदवीच्या चौकटीत हे सगळे बसत नाही. पण रुग्णाला हात न लावताही बरेच काही करता येते. खाऱ्या हवेत यंत्र किती महिने टिकते, वीज वारंवार गेल्या-आल्यावर ते पूर्वपदावर येते का, बॅटरी किती काळ पुरते, नव्या सिस्टरांना ते न शिकवता वापरता येते का, हे तपासायला रुग्णाची गरज पडत नाही.

म्हणून या वर्षी मी विभागप्रमुखांना पत्र लिहिले आहे. आमच्या भांडारगृहाची समुद्राकडची खोली जूनपासून सप्टेंबरपर्यंत विद्यार्थ्यांच्या नमुन्यांसाठी मोकळी ठेवण्यास आमच्या वैद्यकीय अधीक्षकांनी होकार दिला आहे. तिथे वातानुकूलन नाही, वीज रुग्णालयाच्या सामान्य जोडणीची आहे, आणि नोंदवहीत रोज सकाळ-संध्याकाळ तापमान, आर्द्रता आणि यंत्राचे वाचन लिहिण्याची जबाबदारी माझी. सप्टेंबरअखेर जे नमुने चालू असतील आणि जे बंद पडलेले असतील, त्या दोहोंच्या नोंदी सारख्याच तपशिलाने विभागाकडे पाठवल्या जातील. त्या पुढच्या अहवालात छापाव्यात, एवढी एकच अट मी पत्रात घातली आहे.