प्रकल्प स्वतः करा म्हणणं सोपं, माडीवरचे अंक कोण उघडून देणार?

मुलं प्रकल्प कॉपी करतात म्हणून ओरडायला काही लागत नाही. पण नववीतल्या एखाद्या मुलीने खरंच ठरवलं की मी उतरवून काढणार नाही, तर खरी माहिती तिच्या हातात पडेपर्यंत काय काय होतं ते मी गेल्या वर्षी पाहिलं. त्यातल्या एका ग्रंथालयाचा राग अजून गेलेला नाही. ज्यांना फक्त उपाय हवेत त्यांनी तो भाग गाळून वाचलं तरी चालेल. मला मात्र तो लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही.

मी सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यात एका माध्यमिक शाळेत शिकवते. नववीचा जलसुरक्षा विषय माझ्याकडे असतो. प्रकल्प करायचा, वही जमा करायची, गुणपत्रिकेत श्रेणी येते. दरवर्षी टेबलावर जो ढीग पडतो त्यात निम्म्या वह्यांची सुरुवात ‘मानवी जीवनात पाण्याला अनन्यसाधारण महत्त्व आहे’ अशी. तालुक्याच्या गावी झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रकल्प मिळतो, वरचं पान तेवढं आपल्या नावाचं घालायचं. एका वहीत ऋणनिर्देश होता: मार्गदर्शन केल्याबद्दल एका सरांचे मनःपूर्वक आभार. आमच्या शाळेत त्या नावाचे सर कधीच नव्हते. दुसऱ्या वहीत, बाराशे वस्तीच्या गावातल्या मुलाने लिहिलं होतं, ‘आमच्या शहरातील सांडपाणी प्रक्रिया केंद्रास भेट दिली.’

कॉलेजात असल्या गोष्टींना निदान नियम आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे प्रबंधात १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही, पुढे टप्प्याटप्प्याने कारवाई, आणि ६० टक्क्यांच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. शाळेला हे लागू नाही आणि ते बरंच आहे. हाताने लिहिलेली मराठी वही कोणतं सॉफ्टवेअर तपासणार? आणि चौदा वर्षांच्या मुलाला टक्केवारी दाखवून काय कळणार?

म्हणून गेल्या वर्षी मी विषयच असा दिला की ज्याचं उत्तर इंटरनेटवर नाही: आपल्या गावचा पाझर तलाव कधी आणि कसा झाला? आमच्याकडचे बरेचसे पाझर तलाव १९७२ च्या दुष्काळातल्या कामांवर झाले असं सगळेच सांगतात. मग सिद्ध करा. माझ्या मते निम्मी कॉपी विषय देतानाच थांबते. ‘पाण्याचे महत्त्व’ असा विषय देणाऱ्या शिक्षकाला ‘अनन्यसाधारण’ वाचावंच लागणार.

पहिला टप्पा घरातल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलण्याचा. तो इतका सुरळीत झाला की त्यावर लिहिण्यासारखं फार नाही. मुलांनी मोबाइलवर रेकॉर्ड करून आणलं. एक आजी सांगत होत्या, “तवा खडी फोडाय जायचो आमी समदी. मिलो खाल्ली, लाल लाल. दुपारच्याला सुकडी मिळायची पोरास्नी.” मिलो म्हणजे काय हे वर्गात कुणालाच माहीत नव्हतं, आणि परदेशातून आलेल्या त्या लाल ज्वारीवर दोन तास गेले. मी एवढंच बजावलं होतं की आजीचं वाक्य घेतलं तर अवतरणचिन्हात, जसंच्या तसं, आणि शेजारी आजीचं नाव, वय, तारीख. आजीच्या बोलण्याचं प्रमाण मराठीत भाषांतर करायचं नाही.

ग्रामपंचायतीत नोंद मिळाली नाही. जिल्ह्याच्या एका कार्यालयात जुनी फाइल ‘शोधावी लागेल’ असं उत्तर आलं. माहिती अधिकारात दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज देता येतो, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं, हे मुलांना शिकवलं आणि एका पालकांच्या नावाने अर्ज दिलाही. पण प्रकल्प जमा करायची तारीख त्याच्या आधीची होती. उरलं वर्तमानपत्र. शहरातल्या एका जुन्या सार्वजनिक ग्रंथालयात, अ वर्गाच्या, १९७२-७३ चे बांधीव अंक माडीवर आहेत अशी खात्रीची माहिती होती.

आणि तिथे आम्ही अडकलो.

आधी सांगण्यात आलं की विद्यार्थ्यांसाठी बालविभाग आहे, तिथे गोष्टींची छान पुस्तकं आहेत. मी म्हटलं, गोष्टी नकोत, अंक पाहायचेत. तर मुख्याध्यापकांचं पत्र आणा. पत्र नेलं. त्यावर जावक क्रमांक नव्हता. जावक क्रमांक घालून नेलं, तर ते ग्रंथपालांच्या नावे होतं, ते अध्यक्षांच्या नावे पाहिजे. अध्यक्षांच्या नावे नेलं, तर त्यात मुलांची नावं नव्हती. हे सगळं पहिल्याच दिवशी एका कागदावर लिहून दिलं असतं तर कुणाचं काय बिघडलं असतं? पण नाही. प्रत्येक वेळी तिथले लिपिक पत्र चष्मा वर करून पहिल्यापासून वाचायचे आणि पुढची त्रुटी काढायचे.

मग विषय कार्यकारी मंडळाच्या सभेपुढे. सभा गणपतीनंतर. गणपतीनंतर व्याख्यानमालेची तयारी. त्या व्याख्यानमालेत ‘आजची पिढी वाचत का नाही’ यावर एक व्याख्यान होतं, हे मी तिखटमीठ लावून सांगत नाही, फलकावर खडूने लिहिलेलं होतं. माझी पिढी बाहेर पायऱ्यांवर डबे उघडून बसली होती, कारण शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर एसटीने पोहोचेपर्यंत ग्रंथालय दुपारचं बंद झालेलं असायचं. दार चार वाजता उघडायचं आणि परतीची गाडी साडेपाचला. त्यात माडीची किल्ली ज्यांच्याकडे असते ते गृहस्थ पाचला यायचे. अर्ध्या तासात माडी चढायची, वर्ष शोधायचं, महिना शोधायचा आणि स्टँड गाठायचा. शिपाईमामा तेवढे भले होते, पंखा लावून द्यायचे.

एकदा लिपिकांनी मला सहज सल्ला दिला. “मॅडम, एवढं कशाला? समोर झेरॉक्सवाल्याकडे तयार प्रकल्प मिळतात की.” आणि खरंच, या वाट पाहण्यात वर्गातली काही मुलं तिकडे वळली. मी त्यांना फारसं रागावू शकले नाही. खरी माहिती कुलपात आणि तयार माहिती पन्नास पावलांवर, मग पोरं कुठे जातील?

परवानगी आली ती अटींसह. अंकांना हात फक्त शिक्षकांनी लावायचा, फोटो नाही, झेरॉक्स नाही, पेन नाही. फोटोची अट मला आजही पटत नाही. बाकीच्या अटी पटल्या, कारण पन्नास वर्षांचा वर्तमानपत्री कागद खरोखर बोटांत येतो. पान उलटताना कडेचा तांबूस चुरा टेबलावर पडायचा आणि मुलं श्वास रोखून बघायची. मी पान धरायचे, दोघी वाचायच्या, बाकीचे पेन्सिलीने टिपून घ्यायचे. आणि एक बातमी सापडली, आतल्या पानावर, एका कॉलमची. आमच्या गावच्या तलावाचं काम सुरू झालं आणि किती मजूर हजर होते एवढंच. तारीख जानेवारी १९७३. जिने शोधली ती पोरगी एवढ्या मोठ्याने ओरडली की खालून लिपिक वर आले. मीही ओरडले असते.

लिपिकांचा एक राग मात्र रास्त होता. एका मुलाने संदर्भासाठी तीन पुस्तकांची नावं आणली होती, लेखक, वर्ष, प्रकाशनासह. त्यांनी दाखलनोंदवही उलथीपालथी केली, एकही सापडेना. पोराला विचारलं तर म्हणाला, “चॅटजीपीटीने दिलीत.” ती पुस्तकं अस्तित्वातच नव्हती. तेव्हापासून वर्गात नियम आहे: जे तुम्ही उघडून पाहिलं नाही ते संदर्भात लिहायचं नाही. आणि नुसतं ‘गुगल’ असंही लिहायचं नाही. पत्र कुणी लिहिलं विचारल्यावर पोस्टमनचं नाव सांगण्यातला तो प्रकार. कोणतं संकेतस्थळ, कोणतं पान, कधी पाहिलं ते लिहा. विकिपीडिया वाचायला माझी हरकत नाही, पण तळाला दिलेल्या संदर्भांपर्यंत जायचं.

टिपणवहीचं सांगायचं राहिलं, खरं तर हे सगळ्यात आधी यायला हवं होतं. डाव्या पानावर दुसऱ्याचं, उजव्या पानावर आपलं. डावीकडे काही उतरवण्याआधी कुठून घेतलं ते लिहायचं, पानाच्या क्रमांकासकट, कारण नंतर ते कधीच आठवत नाही. मग वही मिटायची, शेजारच्याला आपल्या बोलीत सांगायचं आणि त्यानंतरच उजवीकडे लिहायचं. मिटल्याशिवाय लिहिलं की वाक्यं तीच राहतात, फक्त ‘आहे’चं ‘असते’ होतं. माडीवर झेरॉक्स मिळत नव्हती याचा इथे फायदा झाला, पण त्याचं श्रेय मी ग्रंथालयाला देणार नाही.

कॉपी वाईट का, हे नीतीच्या गप्पांपेक्षा लिंब गावच्या विहिरीने जास्त पटवलं. साताऱ्याजवळची बारा मोटांची विहीर मुलांनी सहलीत पाहिली होती. तिची माहिती चार-पाच संकेतस्थळांवरून काढायला सांगितली. सगळीकडे तेच: ११० फूट खोल, ५० फूट व्यास, विरूबाई भोसले यांनी बांधली. काही ठिकाणी बांधकामाचा काळ नुसता १६४१ ते १६४६. मी विचारलं, ही विहीर साताऱ्याच्या थोरल्या शाहू महाराजांच्या काळातली ना? त्यांचा जन्म १६८२ चा. मग? वर्ग गप्प. शेवटी एकाच्या डोक्यात उजेड पडला, ते शक आहेत! त्यात ७८ मिळवले की १७१९ ते १७२४ येतं. कुणीतरी ‘शके’ गाळलं आणि बाकीच्यांनी डोळे मिटून उतरवलं. चोर पकडायचा तर चूक शोधा, हे मुलांनी आपणहून काढलं आणि नंतर एकमेकांच्या वह्यांवर इतकं चालवलं की मला आवरावं लागलं. खोली आणि व्यास कुणी मोजला, हा प्रश्नही एकीने विचारला. उत्तर माझ्याकडे नव्हतं. पुढच्या सहलीत दोरी न्यायचं ठरलं आहे.

उतरवलेलं ओळखायला मला एकच युक्ती लागते. परिच्छेद मोठ्याने वाचायला लावायचा आणि एका शब्दाचा अर्थ विचारायचा. सगळ्यांसमोर नाही, टेबलाशी बोलावून. अर्थ आला नाही तर वही परत, श्रेणी न कापता. पहिल्यांदा शिक्षा केली की मूल पुढच्या वेळी जास्त हुशारीने कॉपी करतं, एवढंच होतं.

शेवटी अहवाल आले ते बारीक. कुणाचे आठ पानी, कुणाचे सहा. तपासणीच्या दिवशी एक ज्येष्ठ सर वही हातात तोलून म्हणाले, “यंदा पोरांनी काही केलंच नाही वाटतं.” मी त्यांना एका मुलीचा निष्कर्ष वाचून दाखवला: ‘आजोबा म्हणतात तलाव बहात्तर साली झाला. पेपरात काम जानेवारी १९७३ ला सुरू झाले असे आहे. आजोबा दुष्काळाला बहात्तरचा म्हणतात म्हणून तसे सांगत असावेत. पूर्ण कधी झाला ते मला सापडले नाही.’ शेवटच्या वाक्यासाठी मी तिला अ दिला. नववीच्या वहीत ‘सापडले नाही’ मी पहिल्यांदा वाचलं. सरांनी वही खाली ठेवली आणि गुळगुळीत कव्हरची जाड वही उचलली.

माहिती अधिकाराचं उत्तर प्रकल्प जमा झाल्यावर आलं: सदर अभिलेख उपलब्ध नाही. ते पत्र आम्ही त्याच मुलीच्या वहीला जोडलं, तोही संदर्भच आहे.

कुणाला हे करायचं असेल तर पत्र जूनमध्येच द्या, अध्यक्षांच्या नावे, जावक क्रमांकासह, मुलांची यादी जोडून, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. ग्रंथालयाची दुपारची सुट्टी आणि एसटीची वेळ एकाच कागदावर लिहून पाहा. पेन्सिली जास्तीच्या न्या, टोकयंत्रासह. यंदाचं पत्र मी दिलं आहे. पोचही आहे. सभा कधी, ते अजून कळलेलं नाही.