वीस मिनिटं पुढे

मागच्या ट्रेकला माझं घड्याळ एका रात्रीत वीस मिनिटं पुढे पळालं. दोष १९२२ सालच्या एका मूकपटाचा. खरं तर माझाच, पण त्याचा दिग्दर्शक मुर्नाऊ याच्या माथी मारायला बरं वाटतं.

तंबूत झोपण्याआधी फोनवर एखादा जुना भयपट बघायचा, हा माझा नेम. या वेळी ‘नॉस्फेराटू’. “मूकपटाला स्पीकर कशाला गं?” मैत्रिणीचा रास्त प्रश्न. संगीतासाठी, बाई! छोटा स्पीकर उशाशी ठेवला, हातातलं घड्याळ काढून त्याच्यावर ठेवलं आणि दोघी स्लीपिंग बॅगमध्ये शिरलो.

या चित्रपटातल्या ऑरलॉक या टोकदार कानांच्या रक्तपिशाच्चाची जिन्यावरून चढणारी सावली सगळ्यांना आठवते. मला आठवतं ते ऑरलॉकच्या किल्ल्यातलं घड्याळ. त्यावरचा छोटा सांगाडा बाराचे ठोके देतो आणि जेवायला बसलेला त्याचा पाहुणा हुटर दचकून पाव कापता कापता अंगठा कापून घेतो. पुढे यजमानाची नजर त्या रक्ताकडे वगैरे, पण माझी सांगाड्यावरच. घड्याळवेड्यांचं हे असंच. कथा ‘ड्रॅक्युला’वरून परवानगीविना उचललेली, म्हणून त्या कादंबरीच्या लेखकाच्या, ब्रॅम स्टोकरच्या, पत्नीने दावा लावून या चित्रपटाच्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम मिळवला होता. काही वाचल्या, म्हणून आमची रात्र रंगली.

पहाटे जाग आली तेव्हा डायलचा हिरवट उजेड मंदावला होता, पण काटे वाचता येत होते. साडेतीन. हल्लीचा हा रंग दिवसा उजेड पितो आणि रात्री परत करतो, निरुपद्रवी. पूर्वी तिथे किरणोत्सारी रेडियम असे. रेडियम निम्मं व्हायलाच सुमारे १६०० वर्षं लागतात, पण त्याच्यात मिसळलेलं, त्याच्या किरणांनी चमकणारं झिंक सल्फाइड त्यामानाने फारच लवकर थकतं. म्हणून जुनी डायल अंधारात मेल्यासारखी दिसते आणि आतलं रेडियम मात्र जागंच असतं. त्या डायली रंगवणाऱ्या मुली ब्रशाला टोक आणायला तो ओठांत धरत. कित्येकींच्या जबड्याची हाडं सडली. एवढं कुठल्याच भयपटाने मला हादरवलेलं नाही.

बरोबर चारला निघालो. माथ्यावर पोचून सूर्योदयाची वाट बघत बसलो, तर पूर्वेला फटफटायचं नाव नाही. बॅटरी वाचवायला बंद ठेवलेला फोन लावला आणि उलगडा झाला. खात्री करायला होकायंत्राजवळ घड्याळ नेलं. नेईन तिकडे सुई बिचारी वळत होती. स्पीकरमधल्या चुंबकाचा प्रताप! चुंबकत्व भिनलं की घड्याळातल्या बारीक हेअरस्प्रिंगची वेटोळी एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग जणू आखूड होते आणि तिच्या जोरावर झुलत वेळ राखणारं चाक, म्हणजे बॅलन्स व्हील, घाईघाईने झोके घेऊ लागतं. घरी चुंबकत्व घालवणाऱ्या यंत्रावर, डीमॅग्नेटायझरवर, धरलं की काही सेकंदांत काम होतं. तिथे माथ्यावर मात्र काहीच इलाज नव्हता.

वारा बोचत होता. मैत्रिणीने हेडलॅम्प लावला तशी माझी सावली मागच्या कातळावर पडली, भली मोठी. मी खांदे वर ओढले, पाठीत वाकले, बोटं ताणून पंजा हळूहळू पुढे नेला.

ती जांभई देत म्हणाली, “कान राहिले.”